खेळाची उंची

प्रौढ माणसाने खेळावे काय, आणि खेळावे तर कोणासाठी? प्रश्न वरवर पाहता हलका वाटतो. उपवास, दानधर्म, प्रार्थना यांविषयी आम्हां धर्मगुरूंना वारंवार विचारले जाते, खेळाविषयी क्वचितच. परंतु हिंगोली जिल्ह्यातील कुरुंदा या गावच्या एका घरातून हाच प्रश्न अगदी ठोस रूपात आमच्यापुढे आला, आणि त्यावर सावकाश विचार करणे आम्हांला अगत्याचे वाटले. घरधन्याला आपल्या बैठकीच्या खोलीत चारही भिंतींच्या कडेने, सात फूट उंचीवर, फळी मारून तिच्यावर विजेवर धावणारी छोटी आगगाडी बसवायची आहे. त्याचे वडील हयातभर रेल्वेच्या नोकरीत होते. गृहिणीचे म्हणणे, एवढ्या पैशांत स्वयंपाकघराचा ओटा होईल. आजीचे म्हणणे, कर्त्या पुरुषाने खेळण्यात जीव रमवणे शोभत नाही. घरधनी म्हणतो, दारू नाही, जुगार नाही, मग एवढ्या एका छंदाला पाप का म्हणावे? घरात सहा वर्षांचे एक लेकरूही आहे. त्याचे मत मात्र कोणी विचारलेले दिसले नाही.

कुरुंदा हे वसमत तालुक्यातले, हळदीच्या पट्ट्यातले गाव. गावात रेल्वे नाही. गाडी गाठायची तर वसमतला जावे लागते. वसमतवरून जाणारा पूर्णा-हिंगोली हा लोहमार्ग निजामी राजवटीत १९१२ साली सुरू झाला. रूळ मीटरगेजचे, म्हणजे दोन रुळांत जेमतेम एक मीटर अंतर. पुढे हाच मार्ग अकोल्याकडे गेला आणि २००८ साली त्याचे रुंदीकरण पूर्ण झाले. आता तेथे धावते ती पाच फूट सहा इंच रुंदीची मोठी लाईन. ज्यांचे बालपण त्या लहान लाईनच्या शिटीवर मोठे झाले, त्यांच्यासाठी ती गाडी आता केवळ आठवणीत उरली आहे. तेव्हा घरधन्याच्या मनात आहे ते केवळ खेळणे नव्हे; वडिलांच्या आयुष्याची एक खूण त्याला घरात जपायची आहे. हे ध्यानात घेतल्यावाचून त्याला उधळ्या ठरवणे अन्यायाचे होईल.

ही वस्तू बनते कशी, हेही थोडे समजून घेतले पाहिजे. कारण नीतीचा विचार वस्तूला वगळून करता येत नाही. जगात सर्वाधिक प्रचलित असलेल्या प्रमाणात खरी गाडी सत्त्याऐंशी पटीने लहान केली जाते. या मापात मीटरगेजच्या दोन रुळांमधले अंतर अवघे बारा मिलिमीटर भरते. घरातील वीज ट्रान्सफॉर्मरमधून उतरवून बारा व्होल्टवर आणतात. एका रुळातून प्रवाह जातो, दुसऱ्यातून परततो, आणि चाकांवाटे तो इंजिनाच्या मोटरला मिळतो. प्रवाहाची दिशा उलटवली की गाडी मागे धावते. फळीला प्लायवूड चांगले, वाकणारे लाकूड नको. कोपऱ्यातली वळणे प्रशस्त हवीत, नाही तर लांब डबे रुळांवरून उतरतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात धातू प्रसरण पावतो, म्हणून रुळांच्या जोडांत किंचित फट ठेवावी लागते. धूळ तर रोजचीच. रूळ वारंवार पुसले नाहीत तर चाकांना वीज मिळत नाही. फळीच्या कडेला कठडा हवा. शिवाय याच तालुक्याने २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी भूकंपाचे धक्के अनुभवले आहेत. तेव्हा भिंतीतले स्क्रू पक्के असावेत आणि फळीखाली कोणाचे अंथरूण नसावे, हे सांगायला शास्त्र नको.

आणि सात फुटांचीच उंची का? कारण दाराची चौकट तेवढी असते. तिच्याखालून फळी नेली तर दार अडते, तिच्यावरून नेली तर खोली मोकळी राहते. लहान घरातल्या माणसाने जमिनीवरची जागा न अडवता आपला छंद छताजवळ नेला, यात इतरांविषयीची काळजीच दिसते. पुढे या उंचीचा आम्हांला फिरून विचार करावयाचा आहे.

प्रथम आजींचा आक्षेप घेऊ. खेळ हे लहानांचे काम, मोठ्यांनी गंभीर राहावे, ही समजूत आपल्या घराघरांत आहे आणि तिला धर्माचा आधार आहे असेही अनेकांना वाटते. वस्तुतः तसा तो नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात आपल्या महाग्रंथात खेळाचा स्वतंत्र विचार केला आणि योग्य प्रमाणातील खेळकरपणाला सद्गुणांत स्थान दिले. खेळाचा अतिरेक हा जसा दोष, तसाच खेळाचा सर्वस्वी अभावही दोष, असे त्यांचे प्रतिपादन आहे. स्वतः कधी हसायचे नाही आणि दुसऱ्याच्या हसण्यावर विरजण घालायचे, हे त्यांना विवेकाला सोडून वाटते. याच संदर्भात ते कॅसियन या प्राचीन लेखकाकडून आलेली संत योहानाची एक कथा सांगतात. योहान आपल्या शिष्यांसमवेत खेळत असलेले पाहून काही जण नाराज झाले. त्यांतल्या एकाच्या हाती धनुष्य होते. योहानाने त्याला बाणामागून बाण सोडायला सांगितले आणि विचारले, हे असेच अखंड करता येईल काय? तसे केले तर धनुष्य मोडेल, असे उत्तर आले. मनुष्याच्या मनाचेही तसेच आहे, असे योहानाने त्यांना सांगितले.

आपल्या मराठी मातीला तर हे वेगळे शिकवायला नको. दिवाळीत अंगणात पोरे किल्ला करतात. दगड, माती, पोते यांचा डोंगर, त्यावर पेरलेले हळीव, वर शिवराय आणि पायथ्याशी मावळे. त्यात घरातले काका-मामा पोरांहून अधिक रंगून जातात. पोळ्याला मातीचे बैल येतात. वसईपासून मराठवाड्यापर्यंत आपल्या ख्रिस्ती घरांत नाताळचा गोठा उभा राहतो, आणि गवताचे छप्पर नेमके बसावे म्हणून बाप मध्यरात्रीपर्यंत जागतो. या जागण्याला कोणी उधळपट्टी म्हणत नाही. लहान आकारात जग पुन्हा घडवावे, ही माणसाची फार जुनी ओढ आहे. मनुष्य निर्मात्याच्या प्रतिरूपात घडला असल्याने ती त्याच्या ठायी असणे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

तथापि गृहिणीचा आक्षेप एवढ्याने मिटत नाही. किल्ल्याला माती लागते, आगगाडीला पैसा. जुलै २०२२ मध्ये जलेश्वर नदीला पूर येऊन याच कुरुंद्यात घराघरांत पाणी शिरले आणि धान्य-कपड्यांची नासाडी झाली. अशा गावात खेळण्यासाठी हजारो रुपये मोजणे योग्य काय? येथे अक्वायनस यांनी घातलेल्या तीन अटी उपयोगी पडतात. खेळ अश्लील वा कोणाला अपाय करणारा नसावा. त्यात मनाचा तोल सर्वस्वी जाऊ नये. आणि तो व्यक्ती, काळ व स्थळ यांना साजेसा असावा. तिसऱ्या अटीचा अर्थ आम्ही असा करतो की, खेळावरचा पैसा दुसऱ्याच्या हक्काचा नसावा. मजुराची मजुरी थकवून, लेकराची फी लांबवून, घरातल्या बाईच्या कष्टांकडे काणाडोळा करून आणलेले इंजिन कितीही सुबक असले तरी ते त्या खोलीत शोभणार नाही. ओटा आधी, फळी मागून, एवढा क्रम पाळला तर गृहिणीचा आणि घरधन्याचा तंटा राहू नये. शिवाय छंदाला किमतीची अट नाही. इंग्लंडमधील अँग्लिकन धर्मगुरू डब्ल्यू. ऑड्री यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या टंचाईत, गोवराने अंथरुणावर पडलेल्या आपल्या मुलाला इंजिनांच्या गोष्टी सांगितल्या आणि झाडूच्या दांड्यातून व लाकडाच्या तुकड्यांतून त्याला एक इंजिन करून दिले. त्या गोष्टींचे पहिले पुस्तक १९४५ साली निघाले; थॉमस नावाचे इंजिन पुढे जगभरच्या मुलांच्या ओळखीचे झाले. मुळात लागले होते ते झाडूच्या दांड्याइतकेच भांडवल.

येथवर उत्तर घरधन्याच्या बाजूचे आहे. परंतु आमच्या मते खरा नैतिक प्रश्न पैशाचाही नाही आणि वयाचाही नाही. तो त्या सात फुटांचा आहे.

थोडे गणित करू. सहा वर्षांच्या लेकराची नजर जमिनीपासून सव्वातीन फुटांवर असते. ते पलीकडच्या भिंतीला टेकून उभे राहिले तर त्याला डब्यांची टपे तेवढी दिसतील. गाडी नीट पाहावी म्हणून ते जसजसे जवळ जाईल तसतशी ती फळीआड जाईल, आणि अगदी खाली पोचले की फक्त आवाज उरेल. जी वस्तू जवळ जाताच दिसेनाशी होते, ती त्या लेकराची म्हणावी काय? मग गाडीच खाली आणावी म्हटले तर आणखी एक अडचण. मुंबई-पुणे मार्गावरच्या बोर घाटात सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांना १ फूट असा आहे. आपली छोटी गाडीही याहून फार तीव्र उतार सुखाने पेलत नाही. सात फुटांवरून तीन फुटांवर, म्हणजे चार फूट खाली यायचे तर जवळजवळ दीडशे फूट रूळ लागतील. बारा बाय पंधराच्या खोलीचा घेर चोपन्न फूट. म्हणजे खोलीभोवती पावणेतीन फेरे, आणि तेही दारा-खिडक्यांवर आडवे येणारे. तात्पर्य, गाडी खाली येऊ शकत नाही. ज्याने ती वर नेली त्यालाच काही करावे लागेल.

आपल्या घरांतल्या शोकेसकडे पाहिले म्हणजे आमचे म्हणणे अधिक स्पष्ट होईल. आखातातून आलेली बाहुली, मावशीने दिलेली मोटार, बक्षिसाचा कप. सारे काचेआड, काहींवर अजून दुकानातले प्लास्टिक. पाहुणे आले की ते दाखवायचे. लेकराने हात लावला की रागवायचे. खेळण्याचे प्रदर्शन झाले की त्यातला खेळ संपतो. प्रदर्शनाला बघे लागतात. खेळाला सोबती लागतात. बघा आणि सोबती यांत जो फरक, तोच घरातल्या कितीतरी नात्यांतला फरक आहे.

छोट्या आगगाड्यांच्या जगातलीच दोन उदाहरणे या दृष्टीने विचार करण्याजोगी आहेत. पीटर डेनी नावाचे आणखी एक इंग्रज धर्मगुरू या छंदातले नामांकित कारागीर. बकिंगहॅम नावाची त्यांची छोटी रेल्वे त्यांनी अनेक दशके स्वतःच्या हातांनी घडवली. तिचे शेजारचे स्थानक त्यांचा मुलगा क्रिस्पिन सांभाळी. मुलगा हाताशी नसताना काम अडू नये म्हणून त्यांनी त्याची जागा घेणारे एक यंत्र केले आणि त्याला नाव दिले ‘स्वयंचलित क्रिस्पिन’. नावात विनोद आहे आणि मायाही आहे. मुले मोठी होऊन निघून जातात, हे कोणत्या बापाला चुकले आहे? पण ज्या घरात लेकरू अजून सहा वर्षांचे आहे, त्या घराने त्या यंत्रापाशी क्षणभर थांबावे. दुसरे उदाहरण कॅनडाचे गायक नील यंग यांचे. त्यांच्या मुलाला जन्मतःच मेंदूचा पक्षाघात. हातापायांवर ताबा नाही. बापाने घरी रेल्वे मांडली, आणि एका मोठ्या बटणावर मुलाला ती स्वतः चालवता येईल अशी नियंत्रणाची रचना तयार करवली. पुढे १९९५ साली ते लायोनेल या खेळण्यातील गाड्यांच्या जुन्या कंपनीच्या मालकीतही सहभागी झाले. येथे गाडी दुय्यम, बटण मुख्य. मुलाच्या हाताला जे शक्य होते, त्याच्या मापाने बापाने आपला छंद कापून घेतला.

छंद उघडा करता येतो, याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातही आहे. पुण्याच्या कोथरूड भागात भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या हौसेतून छोट्या रेल्वेचे एक अख्खे शहर वसवले. स्थानके, सिग्नल, पूल, घरे, सर्कस, आणि दिवे मंदावले की उजळणारी रात्र. १ एप्रिल १९९८ रोजी ते संग्रहालय म्हणून सर्वांसाठी खुले झाले आणि पुढे त्यांच्या कुटुंबीयांनी ते चालू ठेवले. एका माणसाच्या मनातली गाडी आता शाळकरी मुलांच्या झुंडी पाहतात. प्रत्येकाने संग्रहालय काढावे असे नव्हे. पण रविवारच्या दुपारी शेजारच्या चार पोरांना घरात बोलावणे कुरुंद्यातही अशक्य नाही.

आणखी एक धोका आहे, आणि तो सूक्ष्म आहे. छोट्या जगात बनवणारा सर्वसत्ताधीश असतो. तेथे गाडी वेळेवर सुटते, पूल वाहून जात नाही, कोणी रुळांवर मरत नाही. खऱ्या जगाने थकलेल्या माणसाला या निर्दोष जगाची ओढ वाटली तर नवल नाही. परंतु खरी रेल्वे निर्दोष नव्हती. १८६३ साली खुला झालेला बोर घाटाचा मार्ग, त्याचे पंचवीस बोगदे, हजारो मजुरांच्या मृत्यूंवर उभे आहेत. आणि फार मागे जाण्याचेही कारण नाही. पूर्ण्यावरून मनमाडकडे जाणाऱ्या मार्गावर, करमाडजवळ, ८ मे २०२० च्या पहाटे सोळा मजूर मालगाडीखाली सापडले. टाळेबंदीत जालन्याचे काम बंद झाले होते. मध्य प्रदेशातील आपल्या गावी जाणारी गाडी भुसावळला मिळेल या आशेने ते रुळांच्या कडेने चालत निघाले होते. गाड्या बंद आहेत असे समजून थकलेली ती माणसे रुळांवरच निजली. सकाळी तेथे विखुरलेल्या भाकऱ्या साऱ्या देशाने पाहिल्या.

मग काय, लेकराच्या खेळात हे दुःख कालवावे? मुळीच नाही. लेकराला निर्भेळ आनंदाचा हक्क आहे. जखऱ्या संदेष्ट्याने तारणप्राप्त नगराचे चित्र रंगवताना रस्त्यांवर खेळणारी मुलेमुलीच पाहिली. परंतु फळीवरचे स्थानक सजवताना त्यावर कोण उभे करायचे, हे मोठ्यांनी ठरवायचे असते. केवळ टोपीवाला स्टेशनमास्तर आणि सुटाबुटातले प्रवासी की हमाल, चहावाला, गँगमन, बोचके घेतलेली ऊसतोडीची बाई? असिसीकर संत फ्रान्सिस यांनी १२२३ च्या नाताळात ग्रेचो येथे खऱ्या बैल-गाढवांसह गव्हाण मांडली. पुढे लोकांनी आपापल्या गोठ्यांत पावभट्टीवाला, लोहार, पाणी भरणारी, भिकारी अशी शुभवर्तमानात नसलेली माणसे आणून ठेवली. आणि १ डिसेंबर २०१९ रोजी त्याच ग्रेचो येथे पोप फ्रान्सिस यांनी गोठ्यावरच्या आपल्या पत्रात त्या साध्या माणसांचे मनापासून स्वागत केले. लहान जग घडवताना त्यात गरिबाला जागा दिली, तर मोठ्या जगात ती देण्याचा सराव होतो.

या सर्व विचाराअंती कुरुंद्याच्या घराला आमचे उत्तर असे: फळी जरूर मारा. वडिलांच्या आठवणीला सात फूट ही काही फार उंच जागा नव्हे. मात्र गाडी सुरू करण्याचा खटका व वेग बदलण्याची कळ तीन फुटांवर, लेकराचा हात पोचेल तेथे बसवा. उतरवलेली बारा व्होल्टची वीजच तेवढी तिथवर येऊ द्या. गाडी सुटण्याची वेळ त्याला ठरवू द्या. त्याने ती भरधाव सोडली आणि एखादा डबा कोलमडला, तर डबा दुरुस्त होतो हे त्याला शिकवा. आजींना बाकावर बसवून तिकिटे फाडायचे काम द्या. पाहता पाहता त्यांचा आक्षेप निवळेल असा आमचा कयास आहे. आणि लेकराला गाडी जवळून पाहायची असेल तेव्हा त्याला खांद्यावर घ्या. गणिताने दाखवलेच आहे की गाडी खाली येणार नाही. मग लेकराला वर न्यायला बापाच्या खांद्याशिवाय दुसरा मार्ग नाही.

लेकरू वाढते. तीन-चार वर्षांत त्याला खांद्याची गरज उरणार नाही. स्टुलावर चढून ते स्वतःच रूळ पुसू लागेल. दहा वर्षांत कदाचित त्या गाडीकडे पाहणारही नाही, आणि फळीवर धूळ साचेल. त्याची खंत करू नये. बापाच्या खांद्यावर बसून जग पाहिलेले मूल पुढे दुसऱ्या कोणाला तरी खांद्यावर घेते, आणि घराघरातील खेळ खरोखर एवढ्यासाठीच असतो.